इतिहासाची व्याख्यानं विद्यापीठाच्या गेटबाहेर येऊ द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या शहराजवळच्या विद्यापीठात इतिहास विभाग आहे आणि तिथे वर्षभर चांगली चांगली व्याख्यानं होतात, पण शहरात हे कोणाला माहीतच नसतं. म्हणून हे पत्र. शक्य असेल तर पूर्ण छापा, कारण हा विषय दोन ओळीत सांगण्यासारखा नाही.

मागच्या महिन्यात तिथे अठराव्या शतकातली मराठी पत्रं कशी वाचायची या विषयावर बाहेरगावच्या एका अभ्यासकांचं व्याख्यान होतं. वार मंगळवार, वेळ सकाळी अकरा. आमच्या शेजारची मुलगी तिथे एमए करते, तिने सांगितलं म्हणून कळलं आणि मी अर्धा दिवस रजा टाकून गेले. गेटवर सिक्युरिटीवाल्याने विचारलं कोणाकडे काम आहे, व्याख्यानाला आलेय म्हटलं तर तो गोंधळला, बाहेरचं कोणी येतच नसेल ना. आत एमएची मुलं, विभागाचे प्राध्यापक आणि मी. पहिला पाऊण तास दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ आणि फोटो यात गेला. नॅकसाठी, म्हणजे विद्यापीठाच्या सरकारी मूल्यांकनासाठी, फोटो लागतात हे मला कळतं, पण इतक्या लांबून बोलावलेल्या माणसाला बोलायला वेळ कमी पडला याचं फार वाईट वाटलं.

पण ते जे बोलले ना, त्यासाठी मी पूर्ण दिवसाची रजा पण टाकली असती. स्क्रीनवर जुन्या मोडी लिपीतलं एकच पत्र लावलं आणि बराच वेळ फक्त त्याच्या तारखेवर बोलले. वर्ष लिहिलेलं होतं "इहिदे सितैन मया व अलफ". हे अरबी आकडे, एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. हा सुहूर सन, तो सूर्य मृगात गेला की बदलतो म्हणून त्याला मृगसालही म्हणतात, आणि इंग्रजी साल काढायचं तर पत्र पावसाळ्यापासून डिसेंबरपर्यंतचं असेल तर ५९९ मिळवायचे आणि जानेवारीनंतरचं असेल तर ६००. म्हणजे १७६०-६१, पानिपतचं वर्ष! त्याच्या आधी "छ" लिहून चंद्राची तारीख आणि हिजरी महिना, मग हे सगळं शकाच्या तिथीशी ताडून बघायचं, जुळलं नाही तर पत्राच्या तारखेबद्दल शंका घ्यायची. मागे बसलेली मुलं फोन ठेवून वहीत आकडेमोड करत होती. इतिहासात नुसता अभिमान बाळगून चालत नाही, तारीख पण बेरीज करून काढावी लागते हे मी पन्नाशीत पहिल्यांदा पाहिलं, शाळेत कोणी दाखवलंच नव्हतं.

आता हे व्याख्यान शहरात शनिवारी संध्याकाळी झालं असतं तर लोक आले नसते का? प्राध्यापक म्हणतात लोकांना असल्या बारीक गोष्टीत रस नसतो. मला हे अजिबात पटत नाही. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, ती अजून चालू आहे, भर उन्हाळ्यात लोक संध्याकाळी जाऊन ऐकतात. १९१० मध्ये इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, तिथल्या सभांमध्ये इतिहासाची आवड असलेली माणसं आपापली टिपणं वाचायची आणि त्यावर कडाक्याचे वाद व्हायचे. गोव्यात इतिहासकार दा. ध. कोसंबींच्या नावाने पणजीला विचारमहोत्सव होतो, तिथेही सामान्य लोकच श्रोते असतात. आणि आपल्याकडे जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी, तेव्हा घराघरात चर्चा होती. रस आहे हो, भरपूर आहे, पण तो भागवतंय कोण, तर रील्स आणि व्हॉट्सॲपवरचे फॉरवर्ड. ज्यांना खरं माहीत आहे ते सेमिनार हॉलमध्ये आणि तेही बऱ्याचदा इंग्रजीत बोलतात, आणि ज्यांना माहीत नाही ते लाखो लोकांसमोर बोलतात.

शिवजयंतीचंच घ्या. १९ फेब्रुवारी की तिथी यावर दरवर्षी भांडणं होतात, पण फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ हे आलं कुठून ते फार कमी जणांना ठाऊक असतं. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरात एक शकावली, म्हणजे सालवार घटनांची नोंद, होती, ती लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केली. त्याआधी १६२७ साल धरत होते. मग शिवभारत या शिवकाळातल्या काव्याशी वगैरे ताडून अभ्यासकांनी अनेक वर्षं वाद घातले आणि राज्य सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख २००१ मध्ये जाऊन मान्य केली. एवढी मोठी गोष्ट एका घरातल्या कागदाने बदलली. हे तासाभरात कोणी नीट सांगितलं तर भांडणाऱ्या दोन्ही बाजू ऐकतील असं मला मनापासून वाटतं.

आणि इथेच माझा मुख्य मुद्दा आहे. हा इतिहास लोकांच्या घरातूनच विद्यापीठात गेलेला आहे. पानिपतच्या काळातली जी पत्रं आज सगळे अभ्यासक वापरतात त्यातली कितीतरी राजवाड्यांना वाईत मिळाली, १८९८ मध्ये ती "मराठ्यांच्या इतिहासाची साधने" या मालिकेच्या पहिल्या खंडात छापली, पुढे ते गावोगाव हिंडून लोकांकडून दप्तरं मिळवत राहिले. अजूनही जुन्या वाड्यांत, देशमुख-कुलकर्ण्यांच्या माळ्यावर रुमालात बांधलेले कागद पडून आहेत. माझ्या माहेरीही होते, वाडा पाडताना कोणालाच वाचता येईना म्हणून चुलत्यांनी रद्दीत दिले, त्यात काय होतं ते आता कधीच कळणार नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किती टंचाई आहे ते सगळ्या राज्याने पाहिलं. ज्या विभागात मोडी शिकवतात त्याने व्याख्यानानंतर अर्धा तास ठेवला आणि सांगितलं की घरचे कागद घेऊन या, आम्ही बघून सांगतो, कागद तुमच्याकडेच राहतील, आम्ही फक्त फोटो काढू, तर विभागालाही नवीन साधनं मिळतील आणि लोकांनाही कळेल की आपल्या घरात काय आहे.

मला माहीत आहे की जाहीर बोलायला प्राध्यापक घाबरतात. २००४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांवरच्या एका पुस्तकाच्या वादातून पुण्यातल्या भांडारकर संस्थेची तोडफोड झाली, त्यानंतर इतिहासावर चारचौघात बोलणं जोखमीचं झालं, एखादं वाक्य कापून व्हायरल केलं की माणसाच्या नोकरीवर येतं. ही भीती खोटी नाही आणि त्यासाठी विद्यापीठाने आपल्या माणसांच्या पाठीशी उभं राहायला हवं, वक्त्याला एकटं सोडून चालणार नाही. पण बंद दाराआड बोलून ही भीती कमी होणार नाही. लोकांनी पुरावा कसा तपासतात हे कधी पाहिलंच नाही तर ते पुराव्याच्या बाजूने उभे कसे राहणार?

फार काही मागत नाहीये. महिन्यातून एक व्याख्यान शनिवारी संध्याकाळी, मराठीत, कॅम्पसवर न ठेवता नगर वाचनालयात ठेवा, कारण कॅम्पस गावाबाहेर आहे आणि सातनंतर तिकडून बस मिळत नाही. सत्कार पाच मिनिटांत उरका. प्रश्नांना पुरेसा वेळ द्या, लोक चुकीचे प्रश्न विचारतील, विचारू देत. रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाका पण माइक नीट लावून, नाहीतर नुसता पंख्याचा आवाज येतो. मूळ कागद किंवा त्याची मोठी झेरॉक्स समोर ठेवा, बघून जो फरक पडतो तो ऐकून पडत नाही. विद्यापीठ आपल्या सगळ्यांच्या पैशावर चालतं, तेव्हा हे मागायला संकोच वाटायचं कारण नाही.

आणि एक विनंती आपल्याला. आपल्या पेपरात शहरातल्या रोजच्या कार्यक्रमांचं सदर असतं, त्यात कीर्तन, रक्तदान शिबिर, पुस्तक प्रकाशन सगळं येतं, इतिहास विभागाचं नाव मात्र मी आजवर तिथे वाचलेलं नाही. विभागाने कळवायला हवं हे खरं, पण ते कळवत नसतील तर आपल्या बातमीदाराने महिन्याच्या सुरुवातीला एक फोन करून विचारावं आणि वार, वेळ, विषय एवढं तरी छापावं. निदान ज्यांना रजा टाकणं शक्य आहे ते तरी जातील.

आपली,
एक नियमित वाचक