सातवा सामना पेसर्स जिंकतील!

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगची यंदाची अंतिम मालिका इंडियाना पेसर्स आणि ओक्लाहोमा सिटी थंडर यांच्यात ३-३ अशी बरोबरीत आली आहे. सोमवारी, २३ जूनला, आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले असताना ओक्लाहोमा सिटीत सातवा आणि निर्णायक सामना सुरू होईल. फायनल सातव्या सामन्यापर्यंत गेली ती २०१६ नंतर आत्ताच. आपल्या क्रीडा पानावर मात्र या आठवड्यात बास्केटबॉलची मोठी बातमी होती ती लेकर्स संघाच्या विक्रीची. दहा अब्ज डॉलरचा सौदा आहे, तेव्हा ती छापायलाच हवी होती. पण लेकर्स यंदा पहिल्याच फेरीत बाद झाले आणि फायनलच्या सहाव्या सामन्याला तीन ओळी मिळाल्या, याचे वाईट वाटले. हेडिंग्लेला कसोटी सुरू झाली आहे, शुभमन गिलचे कर्णधारपद नवे आहे, जागेची ओढाताण समजते. तरीही सोमवारच्या सामन्याबद्दल आधी चार शब्द लिहिले जावेत, म्हणून हे पत्र.

‘लहान शहरांची फायनल, ओळखीचा चेहरा नाही’ असा सूर सगळीकडे ऐकू येतो. इंडियाना पेसर्स आणि ओक्लाहोमा सिटी थंडर. दोघांकडे लेब्रॉन जेम्ससारखा तारा नाही, स्टीफन करीसारखा नाही. मला हा सूर अजिबात मान्य नाही. थंडरने नियमित हंगामात ८२ पैकी ६८ सामने जिंकले आहेत. त्यांचा शे गिल्जस-अलेक्झांडर यंदाचा एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू, आहे आणि हंगामात सरासरी ३२.७ गुण करून गुणांच्या यादीतही पहिला आहे. एवढ्यावर ज्याला तो ओळखीचा वाटत नाही, त्याने यंदा सामनेच पाहिलेले नाहीत.

आणि पेसर्स तर मुंबईला अनोळखी नसावेत. भारतात एनबीएचे पहिले सामने झाले ते ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ रोजी, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये, पेसर्स विरुद्ध सॅक्रामेंटो किंग्ज. पहिला सामना पेसर्सने ओव्हरटाइममध्ये १३२-१३१ असा जिंकला, दुसरा १३०-१०६ असा. दुसऱ्या दिवशी मी प्रेक्षकांत होतो आणि तेव्हापासून हा संघ माझा आहे. त्या संघातले माइल्स टर्नर आणि टी. जे. मॅककॉनेल २०२५ च्या या फायनलमध्येही पेसर्सकडून खेळत आहेत. पुढे याच दोन संघांत अदलाबदल झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये डोमांटास सबोनिस सॅक्रामेंटोला गेला आणि टायरीस हॅलिबर्टन इंडियानाला आला. वरळीत उतरलेल्या दोन संघांनी मिळून आजचा पेसर्स घडवला, असे म्हटले तर चुकीचे नाही.

या अदलाबदलींचा धागा आणखी मागे जातो. पेसर्सने २०१० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेरीत, पॉल जॉर्जला निवडले होते. २०१७ मध्ये त्यांनी त्याला ओक्लाहोमाला दिले, तेव्हा बदल्यात सबोनिस आला. ओक्लाहोमाने २०१९ मध्ये त्याच पॉल जॉर्जला क्लिपर्सकडे पाठवले आणि गिल्जस-अलेक्झांडर मिळवला, शिवाय ड्राफ्टच्या निवडींची रास. त्यातल्या एका निवडीतून २०२२ मध्ये जेलन विल्यम्स आला, ज्याने याच फायनलच्या पाचव्या सामन्यात ४० गुण केले. म्हणजे एकाच खेळाडूच्या जाण्यातून दोन्ही अंतिम संघ उभे राहिले. या दोघांपैकी कोणालाही यंदा लक्झरी टॅक्स, म्हणजे खेळाडूंच्या पगाराची ठरलेली मर्यादा ओलांडल्याचा कर, भरावा लागलेला नाही. पैसा ओतून तारे गोळा करणाऱ्या संघांच्या काळात हे घडले, आणि माझ्यासारख्या प्रेक्षकाला त्याचा मनापासून आनंद आहे.

आता मालिकेकडे येतो. पहिल्या सामन्यात पेसर्सने पहिल्या अर्ध्यातच चेंडू इतक्या वेळा गमावला की तेव्हाच खेळ संपायला हवा होता. अठ्ठेचाळीस मिनिटांत ते एकदाच पुढे गेले, तेही ०.३ सेकंद उरले असताना हॅलिबर्टनच्या बास्केटने. १११-११०. कोणी याला नशीब म्हणेल. पण याच प्लेऑफ्समध्ये, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, मिलवॉकीविरुद्ध ओव्हरटाइमच्या शेवटच्या मिनिटात, क्लीव्हलँडविरुद्धही शेवटच्या मिनिटात ते सात गुणांनी मागे होते. न्यूयॉर्कमध्ये तीन मिनिटांहून कमी वेळ उरला असताना चौदा गुणांनी. हे तिन्ही सामने त्यांनी जिंकले. एकाच वसंतात चार वेळा घडते त्याला नशीब म्हणत नाहीत, सवय म्हणतात. शेवटच्या दोन मिनिटांत हा संघ टाइमआउट न घेता पळत राहतो. प्रतिस्पर्ध्याला बचाव लावायला उसंतच मिळत नाही.

तरीही मालिकेचे खरे वळण चौथ्या सामन्यात होते. पेसर्स २-१ ने पुढे, घरचे मैदान, चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला सात गुणांची आघाडी. थंडरचे तीन गुणांचे फटके पूर्ण सामन्यात फक्त तीन बसले होते. त्या अवस्थेतून गिल्जस-अलेक्झांडरने शेवटच्या पाच मिनिटांच्या आत १५ गुण काढले आणि सामना फिरवला. तो फ्री थ्रोच्या, म्हणजे फाउल झाल्यावर मिळणाऱ्या मोफत फटक्यांच्या, जिवावर जगतो असे हिणवणाऱ्यांनी ती पाच मिनिटे पुन्हा पाहावीत. तो वेग कमी करतो, बचावपटूला स्वतःच्या लयीत ओढतो आणि मग फ्री थ्रो लाइनच्या आसपास थांबून उडी घेतो. आजच्या बास्केटबॉलमध्ये हा मधल्या अंतराचा फटका कोणी शिकवत नाही. मी ठाण्यात शाळेच्या मुलींना खेळ शिकवतो, आणि यंदा त्यांना तोच शिकवतो आहे.

त्याच मुलींना मी मॅककॉनेलही दाखवतो. उंची सहा फूट एक इंच, २०१५ च्या ड्राफ्टमध्ये एकाही संघाने निवडला नाही. तो बेंचवरून येतो, प्रतिस्पर्ध्याने बास्केट खाल्ल्यावर चेंडू आत टाकताना आळस केला की मागून येऊन चोरतो. तिसऱ्या सामन्यात त्याने १० गुण, ५ असिस्ट (बास्केट करून देणारे पास) आणि ५ स्टील (चोरलेले चेंडू) केले. आपल्याकडची बहुतेक मुले उंचीमुळे हा खेळ सोडतात. त्यांनी डंक पाहण्याआधी मॅककॉनेलचे पाय पाहावेत.

सहावा सामना एकतर्फी झाला, १०८-९१. मध्यंतरालाच पेसर्स ६४-४२ असे पुढे होते. थंडरने २१ टर्नओव्हर केले (म्हणजे तितक्या वेळा चेंडू गमावला), त्यातले आठ एकट्या गिल्जस-अलेक्झांडरचे. ओबी टॉपिनने बेंचवरून २० गुण केले. अँड्र्यू नेमहार्ड आणि आरोन नेस्मिथ यांनी एमव्हीपीला चेंडू हातात घेऊन सरळ रेषेत एकही पाऊल टाकू दिले नाही.

माझे भाकीत मी स्पष्ट सांगतो: पेसर्स जिंकतील, तीन-चार गुणांनी.

विरुद्ध बाजूची आकडेवारी मला माहीत आहे. या प्लेऑफ्समध्ये थंडरने घरच्या बारा सामन्यांपैकी दहा जिंकले आहेत, आणि डेन्व्हरविरुद्धचा सातवा सामना तर ३२ गुणांनी. फायनलचे सातवे सामने आजवर १९ झाले, त्यातले १५ यजमानांनी जिंकले. पण उरलेल्या चारांपैकी एक १९७८ चा आहे. त्या वर्षी वॉशिंग्टनने सिअ‍ॅटल सुपरसॉनिक्सला सिअ‍ॅटलमध्येच हरवले. २००८ मध्ये ओक्लाहोमाला हललेला संघ तोच. आणि याच पेसर्सने मागच्या वर्षी, मे २०२४ मध्ये, न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनवर सातवा सामना जिंकला होता, तोही फटक्यांच्या ६७ टक्के अचूकतेने, जो प्लेऑफ्सचा विक्रम आहे. परक्या मैदानावरच्या सातव्या सामन्याला हा संघ घाबरत नाही. प्रशिक्षक रिक कार्लाइलने २०११ मध्ये डल्लासला विजेतेपद मिळवून दिले आहे, पास्कल सियाकमने २०१९ मध्ये टोरांटोकडून ते जिंकले आहे. ६८ विजयांचे ओझे सोमवारी थंडरच्या खांद्यावर असेल; पेसर्सकडून कोणी काही अपेक्षाच केली नव्हती. जिंकले तर फायनलचा एमव्हीपी सियाकम असावा, हॅलिबर्टन नव्हे, असेही माझे मत आहे.

एका गोष्टीने मात्र झोप उडवली आहे. हॅलिबर्टनची पोटरी. पाचव्या सामन्यात स्नायू ताणला गेला आणि मैदानातून त्याचा एकही फटका बसला नाही. सहाव्यात तो उतरला आणि २३ मिनिटांत १४ गुण करून गेला, लोक उभे राहून ओरडत होते. मलाही भरून आले. पण २०१९ च्या फायनलमध्ये केव्हिन ड्युरंट असाच पोटरीच्या दुखण्यातून परतला होता आणि पाचव्या सामन्यात त्याचा अकिलीस, म्हणजे टाचेमागचा स्नायुबंध, तुटला; पुढचा अख्खा हंगाम गेला. त्या रात्री समोरच्या संघात सियाकमच होता. यंदाच्या प्लेऑफ्समध्ये डेमियन लिलार्ड आणि जेसन टेटम दोघांचे अकिलीस गेले आहेत. हॅलिबर्टन पंचवीस वर्षांचा आहे. तो खेळणारच, त्याला कोणी अडवू शकणार नाही. माझे म्हणणे इतकेच की कार्लाइलने त्याला सहाव्या सामन्याइतकीच मिनिटे द्यावीत, आणि तो पाय ओढताना दिसला तर गुणफलक न पाहता बाहेर बसवावे. पेसर्सने एनबीएचे विजेतेपद कधीच जिंकलेले नाही. एबीए या जुन्या लीगमधली तीन विजेतेपदे १९७३ पर्यंतची आहेत. इतकी वर्षे वाट पाहिलेल्या शहराला एका खेळाडूच्या पायापेक्षा करंडक मोठा वाटू नये.

तो बसला तरी नेमहार्ड आणि मॅककॉनेल सामना ओढून नेतील, ही माझी खात्री आहे. पहिल्या क्वार्टरमध्ये पेसर्सचे टर्नओव्हर मोजा. चारच्या आत राहिले तर सामना त्यांचा.

सोमवारचा निकाल आपल्या अंकात मंगळवारीच येणार. त्या दिवशी संपूर्ण गुणफलक, खेळाडूंच्या नावांसह, छापावा ही विनंती. माझ्या विद्यार्थिनी तो कापून वहीत चिकटवतात.

आपला नियमित वाचक,
ठाणे (पश्चिम)
२१ जून २०२५