नवशिक्यांची लॅटिन त्यांच्या घरच्या भाषेपासून सुरू करा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

परदेशी विद्यापीठांतली लॅटिन आणि ग्रीक आता संपत आली, असा सूर असलेला लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाने २०२१ साली अभिजात (म्हणजे ग्रीक-रोमन) अभ्यासाच्या पदवीसाठी या भाषांची सक्ती काढली ते बरंच झालं, अठराव्या वर्षी असल्या भाषा नव्याने कोण शिकणार, असं लेखकाचं म्हणणं. मला ते अजिबात पटलं नाही. अठराव्या वर्षीही शिकता येतात. माझी मुलगी शिकते आहे. अडतं ते शिकवण्याच्या पद्धतीत.

मी मूळची सांगलीची, संस्कृत घेऊन बी.ए. केलं. आता बरीच वर्षं आम्ही लेस्टरला राहतो. इथल्या सरकारी शाळांत लॅटिन क्वचितच शिकवतात. चाळीस सरकारी शाळांसाठी एक योजना होती, तिचे पैसे सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये, शाळेचं वर्ष अर्ध्यावर असताना थांबवले. त्यामुळे बहुतेक मुलांचा श्रीगणेशा थेट विद्यापीठात होतो. ऑक्सफर्डमध्ये अशांना भाषा पहिल्यापासून शिकायची सोय आहे, केंब्रिजमध्ये त्यांना एक वर्ष जास्त मिळतं. माझ्या मुलीच्या विद्यापीठात मात्र पहिल्या वर्षात सगळं व्याकरण उरकतात आणि दुसऱ्या वर्षी ज्युलियस सीझरचं लॅटिन पुस्तक हातात देतात.

पहिल्या नाताळच्या सुट्टीत ती घरी आली ती रडकुंडीलाच येऊन. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही उघडी, आणि त्यात ॲब्लेटिव्ह नावाच्या विभक्तीचे सोळा उपयोग आकडे घालून लिहिलेले. इंग्रजीत ‘ने’, ‘हून’, ‘त’ हे सगळं वेगवेगळ्या शब्दयोगींनी सांगायचं, म्हणून शिक्षकांनी प्रत्येक उपयोगाला एक नाव दिलेलं आणि ती नावं पाठ करायला सांगितलेली. मी तिला म्हटलं, हे सोळा बाजूला ठेव. ‘ग्लादिओ’ म्हणजे काय? तलवारीने. ‘रोमा’, शेवटचा आ लांबवून? रोमहून. ‘एओ तेंपोरे’? त्या वेळी. तृतीया, पंचमी, सप्तमी. संस्कृतातल्या तीन विभक्ती लॅटिनमध्ये एका घरात राहायला आल्या, एवढंच. ती वहीकडे बघत राहिली आणि म्हणाली, “आई, मग हे असं सांगत का नाहीत?”

कारण पुस्तक इंग्रजी बोलणाऱ्यासाठी लिहिलेलं असतं. ‘पुएरुम कानिस मोर्देत’ या वाक्यावर तिच्या वर्गाने एक अख्खा तास घालवला: आधी क्रियापद शोधा, मग कर्ता, मग कर्म, आणि मग इंग्रजी क्रमाने मांडा. अहो, ‘मुलाला कुत्रा चावतो’! शब्द त्याच क्रमात, क्रियापद शेवटी, आणि कुत्रा पुढे आणला तरी चावणारा तोच. मराठी घरातल्या मुलाला यात शोधायला काही नाही. तो, ती, ते ही तीन लिंगंही आपल्याकडे आहेतच. इंग्रज मुलांना तेवढ्यानेच घाम फुटतो. तिच्या वर्गात एक पोलिश मुलगी आहे, तिच्या भाषेत सात विभक्ती. पण वर्षभरात एकदाही कोणी विचारलं नाही की तुम्ही घरी काय बोलता. माझी खरी तक्रार ती आहे.

यंदा ग्रीक सुरू झाली आणि संस्कृतची आणखीच मदत झाली. ‘फेरो’ (वाहतो) ला भरामि, ‘दिदोमि’ (देतो) ला ददामि. भूतकाळात क्रियापदाआधी लागणारा ‘ए’ म्हणजे अभरत् मधला अ. मिडल व्हॉइस, म्हणजे क्रियेचं फळ कर्त्याकडेच येतं असं दाखवणारी क्रियापदाची रूपं, म्हणून ज्याचा बाऊ करतात त्याला आत्मनेपद म्हटलं की निम्मी भीती जाते. लॅटिनमधलं ‘ऊर्बे काप्ता’ (शहर जिंकल्यावर) हे तर सरळ ‘नगरे जिते’, आपली सति सप्तमी. ग्रीक महाकवी होमरचं वृत्त तिला मी आपल्या छंदशास्त्रातल्या भगणावरून शिकवलं: भास्कर, एक गुरू, दोन लघू, हवं तिथे दोन लघूंच्या जागी एक गुरू. टेबलावर ठेका धरून आम्ही दोघी मोठ्याने म्हणत होतो.

हा सारखेपणा फसवतोही, हे मान्य आहे. लॅटिन ‘देउस’ आणि आपला देव एका घरचे. देवासाठीचा ग्रीक शब्द ‘थेऑस’ कानाला तसाच लागतो, पण त्याचा या घराण्याशी संबंध नाही. शिक्षक हवा तो अशा जागी हात धरायला.

यात नवीन मी काही सांगत नाही. थॉमस स्टीफन्स या इंग्लिश पाद्र्याने १५८३ साली गोव्याहून भावाला लिहिलेल्या पत्रात भारतातल्या भाषांचं लॅटिन-ग्रीकशी असलेलं साम्य नोंदवलं होतं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मूळच्या असाव्यात असं सांगणारं विल्यम जोन्स या इंग्रज न्यायाधीशाचं कलकत्त्यातलं गाजलेलं भाषण १७८६ चं, म्हणजे दोनशे वर्षांनंतरचं. स्टीफन्स लॅटिनकडून मराठीकडे आला आणि ओवीत क्रिस्तपुराण लिहून गेला. आपल्या मुलांना उलट दिशेने जायचं आहे, आणि वाट तीच आहे.

म्हणून महाराष्ट्रातल्या संस्कृत विभागांना माझी कळकळीची विनंती आहे. बारावीपर्यंत संस्कृत केलेल्या मुलांसाठी लॅटिन किंवा ग्रीकचं एक सत्र ठेवा, आणि ते मराठीतून, विभक्तीच्या तक्त्यांवरून शिकवा. इंग्रजी पुस्तकाचा वळसा नको. प्राचीन महाराष्ट्राचा इतिहास शिकणाऱ्यांना याची फार गरज आहे. पेरिप्लस हे पहिल्या शतकातलं व्यापारमार्गांचं वर्णन ग्रीकमध्ये आहे. त्यात कल्याण आहे, सोपारा आहे, भडोचपासून वीस दिवसांवरचं पैठण आहे, आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तेर. आपल्याच गावांची ही माहिती आपण भाषांतरातून वाचतो.

मुलीसाठी केलेले तक्ते मी आता नीट उतरवून काढते आहे. डावीकडे मराठी, मधे संस्कृत, उजवीकडे लॅटिन आणि ग्रीक. त्या पोलिश मैत्रिणीने एक प्रत मागून नेली आणि कडेला आपल्या भाषेचा पाचवा रकाना आखून परत पाठवली.

आपली,
एक वाचक, लेस्टर (इंग्लंड)