किल्ली दिली, कॉक दाखवला का?

दहावी-बारावीतल्या मुलांना घरी एकटे ठेवून सहलीला जाणारे पालक बेजबाबदार, असा सूर लावणारा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. तो पटला नाही. १६-१७ वर्षांच्या मुलाला चार दिवस घर सांभाळता येते. कमी पडते ती पालकांची तयारी. फ्रीज भरून ठेवतात, पण सिलिंडरचा रेग्युलेटर बंद कसा करायचा हे दाखवत नाहीत. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. वास आला की दिवा, पंखा, एक्झॉस्ट यांच्या बटणांना हात लावायचा नाही. रेग्युलेटर बंद करून, दारे-खिडक्या उघडून बाहेर पडायचे आणि बाहेरूनच १९०६ या गॅसगळतीच्या मदत क्रमांकावर फोन करायचा. हे मुलाकडून एकदा प्रत्यक्ष करून घ्यावे, कारण घाबरलेला हात आधी दिव्याच्याच बटणाकडे जातो.

दुसरी नेहमीची फजिती लॅचची. कचरा ठेवायला बाहेर यावे तर वाऱ्याने दार लागते. किल्ली आत आणि गॅसवर दूध. जादा किल्ली शेजारी हवीच. पाणी गेलेले असताना उघडा राहिलेला नळ पहाटे घरभर पाणी करतो, म्हणून मुख्य कॉकही दाखवावा. सिलिंडर दारात आला तरी तो घेताना सांगायचा कोड जातो नोंदणीकृत मोबाइलवर, म्हणजे सहलीतल्या पालकांकडे! आणि पहिल्याच खेपेला आठवडाभर नको. आधी एकच रात्र, तीही पालक दोन तासांत परतू शकतील इतक्या अंतरावरून.

– एक वाचक, ठाणे