नातवाचं दुसरं घराणं

प्रिय दिन्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. नातवासाठी दोन्ही घराण्यांची वंशावळ एकाच वहीत उतरवायची हे तुझ्या मनात आलं, याचाच मला फार आनंद झाला. आपली बाजू तुला कुलवृत्तान्तातून आणि त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांतून मिळाली. जावयाच्या बाजूचं मात्र विहीणबाईंनी एवढंच सांगितलं की, आमचे जुने लोक क्वेकर, बर्क्स काउंटीतले, एक्झिटरच्या सभेचे. (क्वेकर हा एक ख्रिस्ती पंथ, आणि सभा म्हणजे त्यांची गावोगावची मंडळी.) एवढ्यावर काय शोधायचं, असं तू विचारतोस. अरे, अमेरिकेतल्या या पेनसिल्व्हेनियात ज्याला आपल्या पूर्वजांची सभा ठाऊक आहे, त्याचं निम्मं काम झालेलं असतं!

आधी एक गोष्ट मनातून काढून टाक. इथे चर्चच्या नोंदवह्या आणि कबरीवरचे दगड यांचा फारसा उपयोग नाही. क्वेकरांमध्ये पाण्याचा बाप्तिस्मा नसतो, त्यामुळे बाप्तिस्म्याची नोंदही नसते. पाद्री नसतो, म्हणून लग्न लावणाऱ्याची वही नाही. आणि मेल्यावर माणसामाणसांत उच्चनीच कशाला, म्हणून पहिल्या कित्येक पिढ्यांनी थडग्यांवर नावाचा दगडही बसवला नाही. एक्झिटरची दफनभूमी मी पाहिली आहे. चुनखडीच्या दगडांचं साधं सभागृह आणि शेजारी मोकळी हिरवळ. खाली किती माणसं झोपली आहेत ते वर उभं राहून कळत नाही.

पण याच लोकांनी कागदावर जे लिहून ठेवलं, त्याला तोड नाही. त्यांचा कारभार महिन्याच्या सभेत चाले. पुरुषांची सभा वेगळी, बायकांची वेगळी, आणि दोन्हींची इतिवृत्तं वेगवेगळी. जन्म, मृत्यू, लग्न, गाव सोडणं, नव्या गावात येणं, कर्ज बुडवणं, दारू पिणं, सगळं तिथे लिहिलेलं. बायकांची इतिवृत्तं पुष्कळजण उघडतसुद्धा नाहीत. तू मात्र आधी तीच बघ. आपल्याकडच्या जुन्या वंशावळींत सुना आणि मुली कशा गळून गेल्या आहेत ते तू स्वतः पाहिलंस. इथे त्या सापडतात, त्यांच्या नावानिशी आणि त्यांनी स्वतः घेतलेल्या निर्णयांनिशी.

आता तुला एक घराणं दाखवतो. ते याच एक्झिटरच्या सभेचं, आणि त्यांचे कागद कुणालाही पाहता येतात, म्हणून सरावाला उत्तम. केंटकीच्या रानात वाट काढणारा डॅनियल बून तुला ठाऊक असेल. त्याचे आजोबा जॉर्ज बून हे इंग्लंडातल्या डेव्हन परगण्यात, ब्रॅडनिंच गावात हातमागावर कापड विणणारे. तिन्ही मोठी मुलं त्यांनी आधी पुढे धाडली आणि १७१७ च्या ऑगस्टमध्ये बायको मेरी व उरलेली मुलं घेऊन स्वतः निघाले. फिलाडेल्फियाला उतरल्यावर काही काळ इकडेतिकडे राहून ते ग्विनेडच्या सभेत दाखल झाले. दाखल होताना त्यांनी इंग्लंडातल्या कलम्प्टनच्या सभेचा दाखला पुढे केला. हा माणूस आमच्यातला आहे, त्याचं वागणं चांगलं आहे, असं त्यात लिहिलेलं. वंशावळ शोधणाऱ्याला याहून मोलाचा कागद नाही, कारण समुद्राच्या दोन्ही तीरांना बांधणारा दुवा तोच. तुझ्या जावयाच्या पूर्वजांचाही असा दाखला कुठल्यातरी इतिवृत्तात नोंदलेला असण्याची शक्यता मोठी आहे. त्यात इंग्लंडातल्या सभेचं नाव सापडलं की तिकडच्या वह्या बघायच्या. त्या सभांनी १८४० च्या सुमारास सरकारला सोपवल्या आणि आज लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

जॉर्ज बून १७४४ मध्ये वारले. घराण्यातल्याच माणसाने लिहून ठेवलेल्या टिपणात त्यांच्यामागे ८ मुलं, ५२ नातवंडं आणि १० पतवंडं असा हिशेब आहे. म्हणजे ७०. आणि पुढे लिहिलंय की, याकोबाचं जे घराणं मिसर देशात गेलं, त्यातही सत्तरच माणसं होती. हे वाचून मला त्या लिहिणाऱ्याबद्दल फार जिव्हाळा वाटला. परक्या देशात येऊन वाढलेल्या घराला तो बायबलातल्या घराशेजारी बसवतो आहे.

तारखांबद्दल मात्र डोळ्यांत तेल घालून राहा. क्वेकर महिन्यांची आणि वारांची नावं घेत नसत, कारण त्यांत जुन्या रोमन आणि इतर देवांची नावं. ते पहिला महिना, दुसरा महिना असं लिहीत. आणि १७५२ पर्यंत त्यांचा पहिला महिना म्हणजे मार्च! इंग्रजी राज्यात नवं वर्षच २५ मार्चला सुरू व्हायचं. जॉर्ज यांचा मुलगा स्क्वायर बून आणि सेरा मॉर्गन यांचं लग्न ग्विनेडला १७२० मध्ये सातव्या महिन्याच्या २३ तारखेला झालं. कितीतरी ठिकाणी ते २३ जुलै असं छापलेलं दिसेल. ते सप्टेंबर आहे. त्याच कारणाने जानेवारी ते २४ मार्चपर्यंतच्या तारखांना १७३१/३२ असं जोडवर्ष दिसतं. शिवाय कॅलेंडर बदललं म्हणून १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला. डॅनियलचा जन्म जुन्या गणनेने २२ ऑक्टोबर १७३४, नव्या गणनेने २ नोव्हेंबर. वहीत उतरवताना मूळ कागदावर जसं आहे तसंच आधी लिही, आपलं रूपांतर त्याखाली.

आणि स्क्वायर हे त्याचं पाळण्यातलं नाव बरं का, मानाची पदवी नव्हे. त्याने आपल्या एका मुलाचंही नाव तेच ठेवलं, म्हणून बाप की लेक हे प्रत्येक कागदावर तपासावं लागतं.

लग्नाचे कागद तुला सर्वांत आवडतील. वधूवरांनी लागोपाठ दोन महिन्यांच्या सभांपुढे येऊन आपला मनोदय सांगायचा. सभा दोघांच्या घरी माणसं पाठवून चौकशी करणार की दुसरीकडे कुठे शब्द दिलेला नाही ना. मग सभेत सगळ्यांसमक्ष दोघांनी एकमेकांना वचन द्यायचं, आणि हजर असलेल्यांनी दाखल्यावर साक्षीदार म्हणून सह्या करायच्या. नातलगांच्या सह्या बहुधा वधूवरांच्या सहीखाली, एका बाजूला असतात. त्या नावांवरून मावशा, मेहुणे, शेजारी असं सगळं गोत उभं राहतं.

आता मला तुला जे मनापासून सांगायचं आहे ते सांगतो. या वंशावळींत माणूस सर्वांत स्पष्ट दिसतो तो सभेशी त्याचं बिनसतं तेव्हा. सरळमार्गी माणसाच्या वाट्याला जन्म, लग्न, मृत्यू अशा तीन ओळी. सभेबाहेर लग्न करणाऱ्याच्या वाट्याला पानंच्या पानं. १७४२ मध्ये स्क्वायरच्या मुलीने, सेराने, क्वेकर नसलेल्या तरुणाशी लग्न केलं. सभेने आईबापांना जाब विचारला आणि त्यांनी माफी मागितली. १७४७ मध्ये थोरल्या मुलाने, इझ्रायलनेही तेच केलं. या वेळी मात्र बाप मुलाच्या पाठीशी उभा राहिला. समजुतीला माणसं गेली, तरी तो बधला नाही. १७४८ मध्ये सभेने स्क्वायरला सदस्यत्वातून काढलं. आईचं सदस्यत्व मात्र कायम राहिलं. एका घरात नवरा बाहेरचा आणि बायको आतली! १७५० मध्ये हे कुटुंब इथली जमीन विकून उत्तर कॅरोलायनातल्या यॅडकिन खोऱ्याकडे निघून गेलं.

ही नोंद वाचताना कुळाला डाग लागला असं विहीणबाईंना वाटू देऊ नकोस. आपल्याकडे वाळीत टाकत, तसा हा प्रकार नव्हता. काढलेला माणूस उपासनेला येऊन बसू शकत असे, शेजार आणि बोलणंचालणं सुटत नसे. फक्त कारभारात त्याला जागा नसे. चूक कबूल केली तर परतही घेत. स्क्वायरची पुतणी ॲन बून हिने १७६० मध्ये शेजारच्या एब्राहम लिंकनशी लग्न केलं. हा राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या पणजोबांचा सावत्र भाऊ. तिचंही लग्न सभेबाहेरचं, पण तिने नंतर सभेपुढे दिलगिरी मांडली. मला स्वतःला त्या बापाचा हट्ट अधिक भावतो. पोराचं लग्न चुकलं असं चारचौघांत म्हणण्यापेक्षा त्याने सभा गमावणं पत्करलं.

दुसरी एक गोष्ट वहीत यायलाच हवी. पेनसिल्व्हेनियातल्या क्वेकरांकडेही गुलाम होते. जर्मनटाउनच्या चौघांनी १६८८ मध्येच त्याविरुद्ध लेखी निषेध केला होता, तरी गुलाम ठेवणाऱ्याला सभेतून काढायचा ठराव फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने केला तो १७७६ मध्ये. लग्नावरून बापाला काढायला वेळ लागला नाही, आणि माणसं गुलाम म्हणून ठेवण्यावरून काढायला एवढी वर्षं लागली, याचा मला अजून राग येतो. त्या सुमाराचे गुलाममुक्तीचे दाखले सभांच्या दप्तरात आहेत. त्यांत मुक्त झालेल्यांची नावं आणि पुष्कळदा वयंही आहेत. तुझ्या शोधात असं नाव आलं तर ते वहीत ठळक लिही. त्या माणसाचे वंशजही आपला माग काढत असतील.

कागद कुठे मिळतात ते थोडक्यात. स्वार्थमोर आणि हॅवरफर्ड या दोन कॉलेजांच्या संग्रहांत फिलाडेल्फिया भागातल्या सभांची दप्तरं आहेत. त्यांतली बरीच ॲन्सेस्ट्री या संकेतस्थळावर वाचता येतात. विल्यम वेड हिनशॉ या ऑपेरा गायकाने उतारवयात क्वेकर वंशावळींचा कोश करायला घेतला, पहिला खंड १९३६ चा. पण पेनसिल्व्हेनियाच्या त्यातल्या सभा मोजक्या, एक्झिटर त्यांत नाही. आणि कोश म्हणजे शेवटी सारांश, मूळ पान पाहिल्याशिवाय थांबू नकोस. १८२७ मध्ये हे लोक दोन पंथांत फुटले, म्हणून त्यानंतर एकाच गावाची दोन दप्तरं तपासावी लागतात. मृत्युपत्रं आणि जमिनीचे कागद शोधताना लक्षात ठेव, बर्क्स काउंटी १७५२ मध्ये झाली. त्याआधीचे एक्झिटरच्या आसपासच्या ओली खोऱ्यातले कागद फिलाडेल्फियात.

आता तू एवढं कर. विहीणबाईंना त्यांच्या आजीचं माहेरचं नाव विचार, आणि घरात जुनं बायबल असेल तर त्याच्या कोऱ्या पानांचे फोटो मागव, कारण जन्ममृत्यू त्यातच लिहीत. नाव कळलं की मी स्वार्थमोरला जाऊन एक्झिटरच्या बायकांच्या सभेपासून सुरुवात करतो. वहिनींना नमस्कार, नातवाला आशीर्वाद.

तुझा,
श्री