'हाय टी' उमरावांची नव्हे, कष्टकऱ्यांची

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत 'हाय टी' हा इंग्रज उमरावांचा शाही थाट असल्याचे म्हटले आहे आणि सोबत स्कोनची, म्हणजे चहाबरोबर खायच्या छोट्या, जाडसर, भाजलेल्या पावाची, पाककृती दिली आहे. दोन्हींत दुरुस्ती हवी. हॉटेलांच्या जाहिरातींतून आणि समारंभांच्या निमंत्रणपत्रिकांतून ही गल्लत आपल्याकडे पक्की रुळली आहे; वर्तमानपत्राने तरी तिला खतपाणी घालू नये.

तीन मजली तबकात सँडविच, स्कोन आणि छोटे केक मांडून चारच्या सुमारास घेतात, ती 'आफ्टरनून टी'. तिचे श्रेय बेडफर्डच्या सातव्या डचेस ॲना यांना दिले जाते. काळ १८४० च्या आसपासचा. बड्या घरांत रात्रीचे जेवण उशिरावर गेले होते, दुपारचे हलके असे. मधल्या वेळची भूक चहा आणि लोणी-पावावर भागू लागली.

'हाय टी' उत्तर इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या गिरणी आणि खाण कामगारांच्या घरांतली. पाच-सहाला दमून परतलेल्या माणसाचे ते जेवणच. थंड हॅम किंवा मांसाची पाई, किपर म्हणजे धुरी दिलेला हेरिंग मासा, अंडी, पाव-लोणी, केकचा तुकडा आणि किटलीभर कडक चहा. उत्तरेत आजही कित्येक घरांत संध्याकाळच्या जेवणाला 'टी' आणि दुपारच्या जेवणाला 'डिनर' म्हणतात. शाळेत मुलांना दुपारी वाढणाऱ्या बायका 'डिनर लेडी' म्हणूनच ओळखल्या जातात. लीड्स-मँचेस्टरकडे शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलांना हे आधी सांगून ठेवावे. तिथे कोणी 'टी'ला बोलावले, तर ते बहुधा जेवायला बोलावणे असते. घरून खाऊन गेल्यास यजमानांचे ताट तसेच राहते.

आता स्कोन. पुरवणीत पीठ 'पोळीच्या कणकेसारखे छान मळून घ्या' असे छापले आहे. असे मळले की मैद्यातला चिकटपणा वाढतो आणि स्कोन चिवट, बसका होतो. २२५ ग्रॅम मैदा, तीन छोटे सपाट चमचे बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ दोनदा चाळावे. फ्रीजमधले ५५ ग्रॅम बिनमिठाचे लोणी बोटांच्या पेरांनी चोळत मिश्रण रव्यासारखे करावे. शंकरपाळ्यांना मोहन कडकडीत लागते. इथे उलट, लोणी वितळले की काम बिघडले. मग दोन चमचे साखर आणि साधारण १५० मिली थंड दूध घालून सुरीनेच गोळा जमवावा. तो किंचित ओलसर, ओबडधोबडच राहू द्यावा.

गोळा अडीच सेंटीमीटर जाड थापावा. पुरवणीतल्या 'पातळ लाटा'ने बिस्किटे होतील. कटर सरळ खाली दाबून सरळ वर उचलावा. फिरवला तर कडा मिटतात आणि स्कोन एका अंगाला कलतो. वरून दूध लावताना ते बाजूने ओघळू देऊ नये, कारण तेही कडा चिकटवते. ओव्हन २२० अंशांवर आधी पुरता तापलेला हवा. बारा ते पंधरा मिनिटे पुरतात. भाजलेला स्कोन सुरीने कापू नये, मधल्या भेगेतून हातानेच उकलावा.

त्यावरचे क्लॉटेड क्रीम म्हणजे आपल्या सायीची सख्खी बहीण. उथळ भांड्यात कित्येक तास मंद तापवून, तसेच निवू दिल्यावर वर सोनेरी पापुद्रा धरतो. कायद्याने नाव राखून ठेवलेल्या कॉर्निश, म्हणजे कॉर्नवॉल परगण्याच्या, क्रीममध्ये किमान ५५ टक्के स्निग्धांश लागतो. आपल्याकडच्या खोक्यातल्या क्रीममध्ये तो साधारण २५ टक्के असतो, त्यामुळे पुरवणीतली 'फेटून घट्ट करा' ही सूचना व्यर्थ आहे. ते कितीही फेटले तरी उभे राहत नाही. त्यापेक्षा म्हशीचे दूध मंद आचेवर तापवून रात्रभर न हलवता थंड करावे आणि जाड साय अख्खी उचलावी. चव अगदी तीच नाही, पण जात तीच. स्कोनवर डेव्हन परगण्यात आधी क्रीम मग जॅम, शेजारच्या कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम मग क्रीम, आणि दोन्हीकडे ही बाब लोक मनावर घेतात.

काकडीच्या सँडविचबद्दल एवढेच. चकत्यांना मीठ लावून दहा मिनिटांनी पाणी टिपून घ्यावे आणि पावाला लोणी पार कडेपर्यंत लावावे, नाहीतर पाव भिजून लगदा होतो. आपल्या टपरीवरची हिरवी चटणी चविष्ट खरी, पण ती मुंबईची.

पुढच्या पुरवणीत शीर्षक 'आफ्टरनून टी' असे करून मळण्याची, लाटण्याची आणि क्रीमची सूचना दुरुस्त करून छापावी, ही विनंती.

— एक वाचक, पुणे