बाबा, तिकीट वेटिंगवर नव्हतं

नागपूर, सोमवार रात्र

ती. बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

जे सांगायचं ते आधीच सांगते, नाहीतर हेही पत्र अर्धवट राहील. बाबा, तुमची शुक्रवारची पुण्याहून नागपूरची तिकिटं वेटिंगवर राहिली असं मी फोनवर म्हणाले, ते खरं नव्हतं. दोन्ही कन्फर्म होती, खालचे बर्थ मिळाले होते. मी रद्द केली. आणि तुमच्यासाठी म्हणून पेंचच्या जंगलाची जी सफारी काढली होती, तिला काल समीर, मनू आणि मी असे आम्ही तिघं जाऊन आलो.

आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. दादाला माहीत होतं, पण त्याच्यावर रागावू नका. ठरवलं ते मी.

रद्द करण्याआधी तुमच्या फिजिओथेरपिस्टशी मी स्वतः बोलले. गाडीनं येतील, मधेमधे उतरतील, पाठीला उशी लावू, सगळं सांगून पाहिलं. ते हो हो म्हणत होते. जिप्सी म्हटल्यावर थांबले आणि म्हणाले, एक हिसका बसला तर तीन महिन्यांची मेहनत गेली. तरी मला वाटत होतं, डॉक्टर लोक जास्तच सांभाळून बोलतात. म्हणून काल मुद्दाम लक्ष ठेवलं. खुर्सापारचं गेट ओलांडलं की दगडगोटे, मग कोरड्या नाल्यात उतार, मग चढ, असं जवळजवळ चार तास. मनूचं डोकं दोनदा दांड्यावर आपटलं. माझी कंबर आज वाकताना ओढतेय, आणि मी एकेचाळीसची आहे. तुम्ही नागपुरात असता तर त्या जिप्सीत बसलाच असता. आम्ही नको म्हटलं असतं तर पहाटे आमच्याआधी तयार होऊन ओट्यावर बसला असता. नागझिऱ्याची ती रात्र मी विसरलेले नाही, बाबा. आईपण नाही.

शिवाय पारा ४२ च्या वर आहे. दुपारी तुमच्या वरच्या खोलीच्या भिंतीला हात लावला तर चटका बसतो. पुण्यात निदान रात्री झोप लागते ना?

आता कालचं सांगते. पहाटे साडेतीनला निघालो. कामठी, कन्हान मागे पडलं, मनसरला उजवीकडे रामटेकच्या गडावरचे दिवे दिसले. आई, गाडीतूनच हात जोडले, तुझ्याही वतीनं. पुढे बाबा, तुमचे ते पूल! तुम्ही दर फोनवर विचारता म्हणून मी समीरला गाडी हळू घ्यायला लावली. एकूण नऊ ठिकाणी रस्ता वर उचललाय, सगळ्यात लांबचा ७५० मीटरचा. आपण वरून जायचं, जनावरांनी खालून. खाली लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघसुद्धा जाताना आलेत. बांधकाम खात्यात असताना तुम्ही त्या नाल्यावरच्या मोरीसाठी किती भांडला होतात, ते मला तिथे आठवलं. येताना तुम्हाला दाखवायला उजेडी पुन्हा नीट बघून ठेवले.

गेटच्या अलीकडे मोहाखाली बायका टोपल्या घेऊन फुलं वेचत होत्या. तो गोड, थोडा आंबूस वास गाडीत भरला आणि मनू म्हणाला, कोणाकडे गुळाचं काही शिजतंय का? आत पळस बहुतेक झडून गेलेला, साग उघडा पडलेला. कांडोळाची पांढरी खोडं तेवढी लांबून चमकत होती. चितळ भरपूर. रानगव्यांचा एक कळप रस्ता ओलांडत होता, शेवटचा नर आमच्याकडे तोंड करून किती तरी वेळ उभा राहिला. सात वाजून गेले तरी बाकी काही नाही. मग सांबराचा धोक्याचा कॉल आला. एकच, खणखणीत. गाइडनं इंजिन बंद करायला लावलं. वानर शेंड्यावर खाकरायला लागलं, पुन्हा सांबर. आणि आम्ही नुसते बसून.

बाबा, वाघीण होती. पाणवठ्यावर आली. सौरपंपाचं पाणी ज्यात सोडतात तो पाणवठा, साठ-सत्तर फुटांवर. इकडेतिकडे पाहिलं, वळली, आणि पाठमोरी, आधी शेपूट मग मागचे पाय, अशी हळूहळू पाण्यात बसली. वीस मिनिटं. कोणी बोललं नाही. मनूसुद्धा नाही. मी तुमची दुर्बीण लावली, तेव्हा तिनं मान वळवली आणि कानांच्या मागचे पांढरे ठिपके दिसले. तुम्ही ते आम्हाला कागदावर काढून दाखवायचे तसेच होते. फोटो काढला नाही. हात उचलेना.

नवेगाव, नागझिरा, ताडोबा, सगळीकडे तुम्ही आम्हाला नेलंत आणि एकदाही तुम्हाला वाघ दिसला नाही. त्याबद्दल कधी कुरकूर नाही केलीत, आम्हालाच झाडं आणि पक्षी दाखवत राहिलात. काल ती पाण्यात बसलेली असताना माझ्या मनात पहिलं हेच आलं की हे बाबांचं होतं. परत येताना मी फार बोलले नाही. देवलापारला थांबून पोहे घेतले, तर्री कमीच टाकायला सांगितली, तेही संपले नाहीत.

दुर्बीण न विचारता कपाटातून काढली, तेही माफ करा. व्हीसीएच्या मैदानावरच्या क्रिकेट मॅचसाठी घेतलेली, पण तिनं बदकंच जास्त पाहिली. हिवाळ्यात फुटाळ्याला जाताना तुम्ही मला स्कूटरवर पुढे उभी करायचात आणि पट्ट्याचा दुहेरी वेढा माझ्या गळ्यात घालायचात, पडू नये म्हणून. काल मनूच्या गळ्यात मी तसाच घातला.

जंगल तुमच्यासाठी संपलं असं मी अजिबात म्हणत नाही. नोव्हेंबरात, कार्तिक अमावास्येच्या जवळचे दोन दिवस मी सुटी टाकली आहे. पेंचच्याच सिल्लारीला राहायचं. गाडी खोलीच्या दारापर्यंत जाईल, पायऱ्या नाहीत, कमोड आहे, गरम पाणी आहे, मी विचारून घेतलं. गादी कडक हवी हेही सांगून ठेवते. आई, चहा खोलीत आणून देतील, तुला उठायचं नाही. जिप्सी नाही. सकाळी झाडाखाली खुर्ची टाकून बसायचं, पक्षी आपणहून येतात. आणि रात्री आभाळ. पेंचचं जंगल २०२४ च्या जानेवारीत देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं, तिथल्या वाघोलीला आभाळ बघायची दुर्बीणही बसवलीय. गच्चीवर पाणी शिंपडून, गाद्या टाकून तुम्ही आम्हाला सप्तर्षी दाखवायचात, ती गच्ची आता दिव्यांनी उजळलेली असते. सिल्लारीला नऊ-साडेनऊला मृग नक्षत्र वर आलेलं असेल. तुम्ही मनूला दाखवा, मला सगळी नावं येत नाहीत.

तोवर मात्र ऐकायचं. पाठीचा पट्टा बसतानाही लावायचा, फक्त चालताना नाही. दादाच्या स्कूटरवर अजिबात बसू नका. व्यायाम दोन्ही वेळा. संध्याकाळचा टाळता हे वहिनीनं सांगितलंय. आई, कुरोड्या तिथे करायला घेऊ नकोस, खाली बसून हात भरून येतात. बीपीची गोळी जेवणाआधी की नंतर हे चिठ्ठीवर पाहून मला फोनवर वाच. पाऊस पडला की नवी तिकिटं काढते, खालचेच बर्थ.

घराची काळजी नको. काल परतल्यावर आधी तिकडेच गेले. तुळस, मोगरा ठीक आहेत. कूलर भरून थोडा वेळ चालवला, पंप सुरू आहे. नळाला धार चांगली होती. तोतलाडोह, तिथून नवेगाव खैरी, तिथून आपला नळ, असं तुम्ही बादली भरताना म्हणायचात. काल बादली भरेपर्यंत मी तिथेच उभी होते.

बाबा, राग आला असेल तर तो धरून ठेवू नका. पत्र मिळेल त्या रात्री फोन करा, कितीही उशीर होऊ दे. 

तुमची,
छोटी

ता. क. : दुर्बिणीच्या पट्ट्याची शिवण एका बाजूनं उसवली आहे. मोच्याकडे देऊ, की तुम्ही येईपर्यंत तशीच ठेवू?