तक्रार: साखर तुम्ही कमी केलीत, दोष खान्देशच्या उन्हाला कशाला?

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय: लिंबू पेयातली साखर न सांगता कमी केल्याबद्दल आणि फोनवर मिळालेल्या उत्तराबद्दल

आजच्या फोननंतर तुमच्या कस्टमर केअरने माझी तक्रार ‘निराकरण झाले’ असा मेसेज पाठवून बंद केली. निराकरण काहीही झालेलं नाही, म्हणून हे लेखी.

तुमच्या लिंबू पेयाच्या जुन्या बाटलीवर 100 मिलिलीटरला 11 ग्रॅम साखर छापलेली आहे. नव्या बाटलीवर 6.5 ग्रॅम. घटकांच्या यादीत 950 आणि 955 हे आकडे नव्याने आलेत, म्हणजे एसेसल्फेम पोटॅशियम आणि सुक्रालोज, साखरेऐवजी गोडीसाठी घालायचे स्वीटनर. नाव तेच, हिरवा रंग तोच, किंमत तीच. समोरच्या बाजूला या बदलाबद्दल एक अक्षर नाही. मागे साखर आणि स्वीटनरचं मिश्रण असल्याची बारीक ओळ आहे, कारण ती छापणं कायद्याने भाग आहे.

माझ्या दुकानातल्या गिऱ्हाइकाला आकडे वाचावे लागले नाहीत. पहिल्या घोटालाच ‘भाऊ, येनी चव बदलनी’ असं सांगून लोक अर्धी बाटली काउंटरवर ठेवून जातात.

चव का बदलली हे तुमच्या प्रयोगशाळेला माहीतच आहे. साखरेची गोडी लगेच चढते आणि घोटाबरोबर उतरते. सुक्रालोजची उशिरा येते आणि निरोप घेऊनही दारात बोलत उभ्या राहणाऱ्या पाहुण्यासारखी रेंगाळते. एसेसल्फेम लवकर चढतं, म्हणून दोघांची जोडी लावतात. पण त्याचं प्रमाण वाढलं की शेवटी कडवट, धातूसारखी चव येते. कोलामध्ये मसाल्याचा वास हे बरंच झाकून नेतो. लिंबू पेयात झाकायला काही नाही. सिट्रिक आम्लाचा आंबटपणा चटकन संपतो आणि मागे नुसती गोडी उरते. आमच्याकडे हे पेय काळं मीठ, भाजलेलं जिरं आणि अर्धं लिंबू घालून मसाला करून विकलं जातं. नव्या बाटलीचा मसाला केला की मीठ-जिरं आधी विरतं आणि गोडी तोंडात चिकटून राहते. लिंबू वाढवून ते सुधारत नाही, उलट तो फरक जास्तच जाणवतो. शिवाय साखर नुसती गोडीसाठी नसते, तिने पेयाला दाटपणा येतो. 100 मिलिलीटरमागे साडेचार ग्रॅम काढलीत, म्हणून ते पाणचट लागतं.

हिशोबही करा. सुक्रालोज साखरेच्या सुमारे 600 पट गोड. साडेचार ग्रॅम साखरेची गोडी एकट्या सुक्रालोजने भरायची तर ढोबळ मानाने साडेसात मिलिग्रॅम पुरतं. सव्वादोन लिटरच्या बाटलीत शंभर ग्रॅमहून जास्त साखर वाचली. ती वाचलेली रक्कम ना दुकानदाराला मिळाली, ना गिऱ्हाइकाला.

आता फोनचं. तुमच्या कस्टमर केअरच्या माणसाने बॅच नंबर विचारला, दिला. गाव विचारलं, अमळनेर सांगितलं. कोणता जिल्हा, विचारलं. जळगाव. मग प्रश्न आला, ‘सर, तुमच्याकडे टेम्परेचर किती असतं?’ मे महिन्यात 44-45 जातं, असं सांगितलं. ‘मग तेच कारण आहे सर, उन्हाने गोडी बदलते.’ कोणत्या स्वीटनरची बदलते, असं विचारल्यावर मला होल्डवर टाकलं. बराच वेळ तुमच्या जाहिरातीचं गाणं ऐकवलं. परत येऊन तो म्हणाला, ‘सर, सिस्टीममध्ये फॉर्म्युला बदललेला दिसत नाही.’ मी म्हटलं, सिस्टीम राहू द्या, बाटलीचं लेबल वाचा. ‘सर, माझ्यासमोर बाटली नाही.’ मी दोन्ही लेबलं वाचून दाखवली, जुनं आणि नवं, आकड्यांसकट. त्यावर तो म्हणाला, आणि हे वाक्य मी शब्दशः लिहितो आहे, ‘सर, तुमच्या भागात तिखट खूप खातात ना, त्यामुळे लोकांच्या जिभेला चव नीट कळत नसेल.’ मी विचारलं, तिखट आम्ही मागच्या वर्षीही खात होतो, तेव्हा चव कशी कळत होती? त्यावर ‘आणखी काही मदत करू शकतो का सर?’ आणि फोन बंद.

शेवभाजी आणि भरीत खाणाऱ्या माणसाला चव कळत नाही, हे तुमच्या कंपनीचं अधिकृत मत आहे का? असेल तर लेखी द्या. मी ते दुकानाच्या दर्शनी भागात लावतो.

उन्हाचं उत्तर तर साफ चुकीचं आहे. उन्हाने आणि आम्लाने ज्याची गोडी उतरते ते 951, म्हणजे अ‍ॅस्पार्टेम. ते तुमच्या यादीत नाही. 950 आणि 955 उष्णतेत आणि आम्लातही टिकाऊ आहेत, त्यासाठीच ते निवडले जातात. साखरेचं आम्लात हळूहळू ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, उन्हात ते लवकर होतं, पण त्याने पेय कमी गोड लागत नाही. प्लास्टिकच्या बाटलीतून गॅस निघून जातो हे खरं, मात्र गॅस उतरलेलं पेय उलट जास्त गोड लागतं. आणि जुना मालही याच उन्हात, ताडपत्रीखालच्या टेम्पोतूनच येत होता.

खात्री करायची असेल तर ऊस तपासायचा हँड रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर मोजायचं हातातलं यंत्र, आणा. शहादा पट्ट्यात ऊस आहे, तिथे हे यंत्र नवीन नाही. दोन्ही बाटल्यांतलं थोडं थोडं पेय एका ग्लासातून दुसऱ्या ग्लासात ओतत राहून गॅस पूर्ण काढा, कारण बुडबुडे राहिले तर आकडा चुकतो. दोन्ही नमुने सारख्या तापमानाला, शक्यतो 20 अंशाला आणा, मग थेंब काचेवर ठेवा. जुन्याचा ब्रिक्स, म्हणजे विरघळलेल्या साखरेचा आकडा, 11 च्या आसपास येईल, नव्याचा साडेसहाच्या. सुक्रालोज मिलिग्रॅममध्ये असल्यामुळे यंत्राला दिसत नाही. यात जिभेचा किंवा तिखटाचा काही संबंध नाही.

‘जगभर असंच चालतं’ हे उत्तर पुढे येईल, म्हणून तेही लिहितो. अमेरिकेत कोका-कोलाने बाटल्या भरणाऱ्या कारखान्यांना 1980 पासून निम्म्यापर्यंत आणि 1984 मध्ये पूर्णपणे साखरेऐवजी मक्याच्या सिरपला मुभा दिली, कारण तिकडे साखर महाग पडत होती आणि मका स्वस्त. त्या सिरपमध्ये सुमारे 55 टक्के फ्रुक्टोज असतं. फ्रुक्टोजची गोडी लवकर चढून लवकर ओसरते, आणि ते थंड असताना जास्त गोड लागतं, कोमट झाल्यावर कमी. तापमानाची गोष्ट तिथे लागू पडते, तुमच्या बाटलीला नाही. मेक्सिकोहून येणाऱ्या साखरेच्या काचेच्या बाटल्यांना अमेरिकेत वेगळं गिऱ्हाईक आहे. पासओव्हर सणाला मक्याचं सिरप वर्ज्य मानणाऱ्या ज्यू लोकांसाठी पिवळ्या झाकणाची, साखरेची बाटली निघते. लोकांना फरक कळतो आणि कंपनी तो झाकणावर दाखवते.

ब्रिटनमध्ये एप्रिल 2018 पासून 100 मिलिलीटरला 5 ग्रॅमपासून एक कर आणि 8 ग्रॅमपासून त्याहून जास्त कर लागला. स्कॉटलंडच्या आयर्न-ब्रू या शीतपेयाने साखर 10.3 वरून 4.7 ग्रॅमवर आणली. पण बातमी आधीच कळली होती, म्हणून लोकांनी जुन्या बाटल्यांचा साठा केला, आणि 2019 च्या अखेरीस कंपनीने पूर्ण साखरेची बाटली वेगळ्या नावाने परत आणली. तिथे निदान कराचं कारण होतं. आपल्याकडे 2017 पासून जीएसटीत साखरेचं पेय आणि स्वीटनरचं पेय एकाच दरात आहे. साखर कमी केल्याने तुमचा कर एका पैशाने कमी होत नाही. मग कारण काय, ते सांगा. आरोग्याचं असेल तर समोरच्या बाजूला मोठ्या अक्षरात छापा, कमी साखर हवी असणारे लोकही आहेत, ते घेतील. लपवून ठेवायचं आणि विचारलं की ऊन आणि तिखट, हे चालणार नाही.

तुमचं हे पेय खान्देशात लग्नाच्या पंगतीपासून एसटी स्टँडपर्यंत नाव घेऊन मागितलं जायचं, ‘कोणतंही लिंबूवालं द्या’ असं कोणी म्हणत नव्हतं. आता म्हणतात. याचं मला वाईट वाटतं.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर हवं: फॉर्म्युला कोणत्या बॅचपासून बदलला, पूर्ण साखरेची बाटली परत येणार का, येणार नसेल तर समोरच्या लेबलवर बदल कधी छापणार, आणि माझ्याकडे पडून असलेल्या न फोडलेल्या पेट्या डीलर कधी उचलणार. फोनवरच्या त्या वाक्याबद्दल माफीही लेखीच. उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन, दोन्ही बाटल्या सीलबंद ठेवलेल्या आहेत. तुमचा फ्रिजही तोपर्यंत घेऊन जा, त्यात दुसऱ्या कंपनीचा माल ठेवायचा नाही असा तुमचाच नियम आहे आणि मला जागा हवी आहे.

एक शीतपेय विक्रेता,
अमळनेर, जि. जळगाव

सोबत: दोन्ही लेबलांचे फोटो, खरेदीची बिलं, ‘निराकरण झाले’ या मेसेजचा स्क्रीनशॉट